पुणे, पुण्याला, पुण्यात आणि कार्डिफ : माझं वेल्शचं पहिलं वर्ष

वेल्श भाषेची 'मनेद्याद' म्हणजे प्रवेश पातळीची परीक्षा मी २०२४ मध्ये पास झाले. ही सगळ्यांत खालची परीक्षा, तिच्यावर अजून बऱ्याच पायऱ्या आहेत. तरी हे लिहून ठेवतेय, कारण त्याच्या आदल्या उन्हाळ्यात 'मराठी माणसानं वेल्श शिकताना' असं काही वाचायला मिळतं का ते मी खूप शोधलं होतं. काही मिळालं नव्हतं. नोकरी-घर सांभाळून इथली एखादी भाषा नुसत्या आवडीनं शिकावी असं कुणाच्या मनात असेल, तर त्यांनी माझ्यासारखं चाचपडू नये एवढ्यासाठी हे.

आम्ही २०१९ मध्ये पुण्याहून कार्डिफला, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत, आलो. इथे रस्त्यावर वळणापाशी पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत दोनदा 'हळू' लिहिलेलं असतं, एकदा इंग्रजीत 'स्लो' आणि एकदा वेल्शमध्ये. तो दुसरा शब्द 'आराव' असा म्हणतात हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. रोज त्याच्यावरून गाडी जायची. वेल्श लिपी रोमनच, पण तिच्यातला 'एफ' हा 'व' असतो, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीनं वाचणारा हमखास चुकतो.

जून २०२३ मध्ये माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेतून हवामानाचे शब्द घेऊन आली. वेल्समधल्या प्रत्येक सरकारी शाळेत सोळाव्या वर्षापर्यंत वेल्श शिकावीच लागते. गणित, विज्ञान, इंग्रजी, सगळ्याचा अभ्यास मी तिच्याबरोबर बसून करून घेते. तो कागद तिनं माझ्यापुढे ठेवला नाही, थेट दप्तरात घातला. "हे तुला नाही येत ना, आई," एवढंच म्हणाली, तेही इंग्रजीत. मला ते लागलं.

जुलैमध्ये नाव नोंदवलं. मोठ्यांना वेल्श शिकवण्यासाठी इथे एक राष्ट्रीय केंद्र आहे, 'दस्गी कम्राइग' नावाचं. त्यांच्या संकेतस्थळावर आधी खातं उघडायचं, मग पातळी, वार, वेळ आणि वर्गात बसून की ऑनलाइन हे निवडायचं. या भाषेला सरकारी अनुदान आहे, म्हणून फी फार नसते. शिवाय लवकर नोंदणी केली की सवलत मिळते. मला सवलत धरून वर्षाचे पन्नासेक पौंड पडले, पुस्तकाचे पंधराएक वेगळे. वयानं सोळा ते पंचवीसच्या मधले असाल तर आधी फुकट वर्गांची चौकशी करा, मग पैसे भरा. आणि सवलतीची तारीख कॅलेंडरात लिहून ठेवा, ती उन्हाळ्याच्या सुट्टीत कधी निघून जाते कळत नाही.

मी अडले ते 'दक्षिण की उत्तर' या प्रश्नाशी. पुस्तकच दोन प्रकारचं आहे. आजीला दक्षिणेत 'माम-गी' म्हणतात, उत्तरेत 'नाइन'. 'आत्ता'ला दक्षिणेत 'नाउर', उत्तरेत 'रूअन', आणि गंमत म्हणजे रोमन लिपीत एक शब्द उलटा वाचला की दुसरा होतो. एक अख्खी संध्याकाळ मी 'प्रमाण' कुठली ते शोधण्यात घालवली. प्रमाण-बिमाण काही नाही. राहता तिथली घ्या. नागपूरला राहून कोल्हापुरी शिकायला जाऊ नये, तसंच हे.

पुण्याला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, पण त्याचा उपयोग काय? नोकरीत पगार वाढणार आहे का?" नाही वाढणार. शेवटची भाषा मी शिकले ती इंग्रजी, आणि तिच्यामागे नोकरी होती, परदेश होता, पोट होतं. उपयोगाशिवाय भाषा शिकायची ही कल्पनाच आमच्या घरात कधी आली नव्हती. त्या दिवशी मला आईला नीट उत्तर देता आलं नाही.

वर्ग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला. मंगळवारी संध्याकाळी वर्गात आणि गुरुवारी ऑनलाइन, दोन्ही दिवस दोन-दोन तास. दोन वर्षांत हळूहळू करायचा पर्यायही होता, मी एका वर्षाचा घेतला. पहिल्या दिवशी चौदा जण होतो. मी आणि एक पोलिश मुलगी सोडली तर बाकी सगळ्यांची मातृभाषा इंग्रजी. एक आजी होत्या, त्यांचा नातू वेल्श माध्यमाच्या शाळेत जायला लागला होता. एक नर्स, एक ब्रिस्टलहून आलेला तरुण, आणि र्‍होंदा या जुन्या कोळसाखाणींच्या खोऱ्यातले एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, वय अडुसष्ट. त्यांना मी मनात काका म्हणायचे, इथेही तसंच लिहिते.

एक गोष्ट लगेच लक्षात आली. ओळख करून देताना या बाराही जणांनी कुठल्या ना कुठल्या शब्दांत एकच सांगितलं, की मला भाषा जमत नाहीत. शाळेत फ्रेंच होतं, मधेच सोडलं, आता काही आठवत नाही. मला आश्चर्य वाटलं. आपल्याकडे घरी मराठी, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. तुला भाषा जमतात का असं कुणी विचारत नाही, त्या येतातच. या लोकांचं सगळं आयुष्य एका भाषेत पार पडतं, सगळं जग त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलतं. त्यामुळे दुसरी भाषा हा त्यांच्यासाठी छंद, मातीची भांडी करायला शिकावं किंवा गायनाच्या समूहात जावं तसा. पण मोठ्या वयात चारचौघांत तोंड उघडून चुकायचं, हे त्यांना आयुष्यात कधी करावंच लागलेलं नाही. ते किती अवघड जातं हे मी त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं, आणि तरी ते दर मंगळवारी येत होते. पगार नाही, बढती नाही, व्हिसा नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळायला लागलं.

ऑक्टोबरमध्ये खरा डोंगर आला. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. कार्डिफचं वेल्श नाव 'काइर्दीद'. 'कार्डिफला' म्हणायचं तर 'ई गाइर्दीद'. 'कार्डिफमध्ये' म्हणजे 'अङ् ङाइर्दीद'. 'आणि कार्डिफ' म्हणजे 'आ खाइर्दीद'. बाईंनी फळ्यावर हे चार शब्द लिहिले आणि वर्ग गप्प झाला. ब्रिस्टलचा तरुण म्हणाला, "गावाचं नाव कसं बदलेल? नाव ते नाव." इंग्रजीत लंडनचं काही केलं तरी लंडनच राहतं, त्याचं बरोबरच होतं.

मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. पुणे, पुण्याला, पुण्यात, पुण्याहून. ठाणे, ठाण्याला. आपण रोज गावांची नावं बदलतो. आपलं सामान्यरूप शब्दाच्या शेवटी होतं, यांचं सुरुवातीला, एवढाच फरक. मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की मला फळ्यापाशी बोलावून 'पुणे-पुण्यात' लिहायला लावलं. त्या दिवसापर्यंत मी वर्गात मागच्या बाकावर होते.

खरा आनंद घरी आल्यावर झाला. स्वयंपाकघरात तक्ता चिकटवायचा म्हणून मी ते बदल देवनागरीत लिहून काढत होते, आणि लिहिता लिहिता थांबले. पहिला बदल, ज्याला ते 'मृदू' म्हणतात : क चा ग, त चा द, प चा ब. दुसरा 'अनुनासिक' : क चा ङ, त चा न, प चा म, प्रत्येकात थोडा ह मिसळून. तिसरा 'महाप्राण' : क चा ख, त चा थ, प चा फ. म्हणजे ही आपली वर्णमालाच होती. क ख ग घ ङ. त थ द ध न. प फ ब भ म. शब्द आपल्या वर्गाच्या ओळीतून बाहेर जातच नाही. पहिल्या घरातून कधी तिसऱ्या, कधी पाचव्या, कधी दुसऱ्या घरात सरकतो. वाक् आणि विहार मिळून वाग्विहार, वाक् आणि मय मिळून वाङ्मय, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ. शाळेत तृतीय व्यंजन संधी आणि अनुनासिक संधी पाठ केल्या होत्या, मार्कांपुरत्या. त्या कार्डिफच्या बसमध्ये, बाजारात, लोकांच्या तोंडी जिवंत चालू आहेत हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

उच्चार थोडे वेगळे आहेत हे खरं. त्यांचा ख घशात घासतो, त्यांचा फ ओठ-दातांचा आहे, आणि एकूण नऊ व्यंजनं बदलतात, त्यांतली काही या तक्त्यात बसत नाहीत. ब चा आणि म चा व होतो, आणि ग तर चक्क गळून जातो. पण इंग्रजीभाषक माणसाला जे नियम तीन सुट्या याद्यांसारखे पाठ करावे लागतात, ते आपल्याला एका नजरेत दिसतात. माझा सगळ्यांत कळकळीचा सल्ला हाच : वेल्श इंग्रजीवरून शिकू नका, मराठीवरून शिका. वह्या देवनागरीत ठेवा.

अक्षरांचंही तसंच. ङ नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही. लहानपणी ते अक्षर गिरवताना 'याचा शब्द काय?' असं मी विचारायचे, उत्तर यायचं नाही. आता 'ङाइर्दीद' आहे. म्ह आणि न्ह नं सुरू होणारे शब्द बोलताना वर्गातल्या सगळ्यांची दमछाक व्हायची. आपण म्हैस म्हणतो, न्हाणी म्हणतो. वडिलांना वेल्शमध्ये 'ताद' म्हणतात, माझे वडील म्हणजे 'व न्हाद'. काकांना तो 'न्हा' काही केल्या येईना. मी त्यांना 'न्हाणी' म्हणायला शिकवलं आणि पुढच्या मंगळवारी ते 'व न्हाद' स्वच्छ म्हणाले.

असे किती तरी शेजार पुढे सापडत गेले. वेल्शमध्ये 'माझ्याजवळ गाडी आहे' असंच म्हणतात, इंग्रजीसारखं गाडी 'बाळगणारं' क्रियापद नाही. सर्दी मला 'होते', त्यांच्या अंगावर 'असते'. सर्दी आपण करत नाही, हे दोघांनाही मान्य. 'हो' असा एकच शब्द नाही. 'तुला चहा आवडतो का?' याला आपण 'आवडतो' म्हणून उत्तर देतो, तसंच प्रश्नातल्या क्रियापदानं उत्तर द्यायचं. तू आणि तुम्ही आहेत, आणि कुणाला कधी काय म्हणायचं हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. संख्यांमध्ये दोन, तीन आणि चार यांना स्त्रीलिंगी रूपं आहेत आणि पाचापासून ती थांबतात. दोघे-दोघी, तिघे-तिघी, चौघे-चौघी, पुढे पाच जण. जुन्या पद्धतीची मोजणी तर विसांची आहे, माझी आजी बाजारातून आल्यावर 'दोन विसा' म्हणायची तशी.

हे वाचून सगळं सोपं गेलं असं वाटू नये. नोव्हेंबर आणि डिसेंबर वाईट गेले. चार वाजता अंधार, पाऊस, मुलीला ताप, कामावर मोठं रिलीज. लागोपाठ तीन मंगळवार चुकले. परत गेले तर भूतकाळ सुरू झाला होता आणि मला काही समजेना. आम्ही चौदाचे नऊ झालो होतो. शिवाय शब्दाच्या सुरुवातीचा 'डबल एल' मला येत नव्हता. इथल्या निम्म्या गावांची नावं त्यानं सुरू होतात, त्यामुळे तो टाळता येत नाही. ल आणि ह एकत्र लिहून मी वेळ मारून नेत होते, पण बाई दर वेळी थांबवायच्या. शेवटी नर्सनं सांगितलेला उपाय लागू पडला : 'ल' म्हणायला जीभ लावा, आवाज काढू नका, तशीच ठेवून गालाच्या दोन्ही बाजूंनी नुसती हवा फुंका. भांडी घासताना महिनाभर हेच केलं. नाताळच्या सुट्टीत जमलं.

दुसरी अडचण बोलायला माणसं मिळण्याची. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये वेल्श येणारे ५,३८,००० च्या आसपास, म्हणजे १७.८ टक्के. त्याच्या दहा वर्षं आधी ते १९ टक्के होते. २०५० पर्यंत दहा लाख करायचे असं सरकारनं ठरवलं आहे. कार्डिफमध्ये प्रत्येक वेल्शभाषकाला इंग्रजी उत्तम येतं, त्यामुळे मी अडखळले की समोरचा माणूस मदत म्हणून लगेच इंग्रजीवर यायचा. हेतू चांगला, पण माझं वाक्य अर्धं राही. मुंबईत मराठी शिकू पाहणाऱ्या माणसाशी आपण हिंदी सुरू करतो, ते मला फार आठवलं. मी ते किती जणांशी केलंय.

यावर दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, नारिंगी रंगाचा बिल्ला. वेल्श बोलणारे कर्मचारी तो लावतात, दुकानात किंवा ग्रंथालयात तो दिसला की बिनधास्त वेल्शमध्ये सुरुवात करायची. दोन, एक वाक्य पक्कं पाठ करायचं : "दुईन दस्गी, शारादुख अन आराव." मी शिकतेय, हळू बोला. रस्त्यावरचा तो 'आराव' शेवटी माझ्या तोंडी आला. शनिवारी सकाळी ग्रंथालयात चहा-गप्पांचा गट जमतो, तिथे जानेवारीपासून जायला लागले. पहिले तीन शनिवार मी फक्त ऐकलं. कुणी घाई केली नाही.

घरी टीव्हीवर लावायचो ते 'एस फोर सी'. वेल्श भाषेची ही वाहिनी १ नोव्हेंबर १९८२ ला सुरू झाली. अशी वाहिनी देण्याचं वचन सरकार मोडतंय असं दिसल्यावर ग्विनवोर एव्हन्स या नेत्यानं १९८० मध्ये आमरण उपोषणाची घोषणा केली होती, तेव्हा सरकारनं माघार घेतली. या वाहिनीवरचे लहान मुलांचे कार्यक्रम बघा. वाक्यं छोटी असतात आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. शब्दकोशाबद्दलही एक सांगते, कारण यात माझे खूप तास गेले. शब्द सापडला नाही तर त्याचं पहिलं अक्षर बदललेलं असणार असं समजा. ग असेल तर क खाली बघा, व असेल तर ब आणि म खाली, स्वरानं सुरू होत असेल तर पुढे ग लावून बघा. नव्वद टक्के वेळा सापडतो.

फेब्रुवारीत कुटुंबाविषयी बोलायचा धडा होता. प्रत्येकानं आजी-आजोबांबद्दल चार वाक्यं सांगायची. काका उभे राहिले. त्यांची माम-गी फक्त चर्चमध्ये आणि स्वयंपाकघरात वेल्श बोलायची. त्यांच्या वडिलांना ती समजायची, पण ते मुलांशी कधी बोलले नाहीत. मुलांनी शिकून खाणीतून बाहेर पडावं, तर इंग्रजीच हवं, असं घरात ठरलेलं होतं. चार वाक्यं वेल्शमध्ये झाली आणि पुढचं त्यांनी इंग्रजीत सांगितलं, बाईंनी अडवलं नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या बऱ्याच शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायचे. दुसरं कुणी बोललं की पट्टी त्याच्या गळ्यात जायची, आणि शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात असेल त्या मुलाला छड्या. १८४७ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी वेल्समधल्या शाळांचा अहवाल दिला, त्यात या भाषेलाच लोकांच्या मागासपणाचं कारण ठरवलं होतं. काका म्हणाले, "पट्टी माझ्या पणजोबांच्या काळातली. पण माझ्या वडिलांपर्यंत ती उतरली होती, फक्त दिसत नव्हती."

त्या रात्री बसमध्ये मी मुलीचाच विचार करत होते. आम्ही कार्डिफला आलो तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि फक्त मराठी बोलायची. शाळेत मागे पडू नये म्हणून आम्ही दोघांनी घरात इंग्रजी सुरू केलं. आम्हाला कुणी छडी दाखवली नव्हती. चार वर्षांत ती मराठी समजते पण इंग्रजीत उत्तर देते, इथवर आम्हीच आणलं. काकांच्या वडिलांच्या जागी मी बसले होते. दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं जेवण मराठीत, असं आम्ही ठरवलं. पहिले काही दिवस ती गप्पच बसायची. मग मी तिला एक सुचवलं : तू मला शाळेतली वेल्श शिकव, पण मराठीतून. तिला शिकवायला आवडतं. त्या वाटेनं ती बोलायला लागली.

परीक्षा ऐच्छिक असते, वर्गाला बसलं म्हणून द्यावीच असं नाही. मी द्यायचं ठरवलं ते अभ्यासाला टोक यावं म्हणून. नोंदणीचा वेगळा फॉर्म असतो, त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, तेव्हा नव्या वर्षात बाईंना तारीख विचारून ठेवा. माझा फॉर्म एका कार्यालयात अडकला. तीन आठवडे पोच आली नाही. फोन केला तेव्हा कळलं, पासपोर्टावर माझ्या नावात वडिलांचं नाव मधे आहे आणि फॉर्ममध्ये मी ते गाळलं होतं. आपल्या तीन पदरी नावांचा हा घोळ नेहमीचा आहे. ओळखपत्रावर आहे तसंच, त्याच क्रमानं, एकही शब्द न गाळता नाव लिहा, आणि आठवड्यात पोच आली नाही तर वाट न बघता फोन करा. मुदत संपायच्या दोन दिवस आधी माझं काम झालं.

जून २०२४ मध्ये परीक्षा झाली. घेतं 'डब्ल्यूजेईसी' हे इथलं परीक्षा मंडळ. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे भाग. ऐकण्यात हवामानाचं बातमीपत्र होतं. ते सुरू झालं तेव्हा मला मुलीनं दप्तरात घातलेला कागद आठवला, आणि सगळे शब्द ओळखीचे निघाले. बोलण्याच्या आधी हात गार पडले होते. बाहेर बाकावर काका शेजारी होते, तेही काही बोलत नव्हते. आत परीक्षकांनी माझ्या घराबद्दल, कामाबद्दल विचारलं, मग मला त्यांना प्रश्न विचारायचे होते. एका ठिकाणी पहिलं अक्षर बदलायला विसरले, मागे जाऊन दुरुस्त केलं. दहा मिनिटांच्या आत संपलं. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं कसं झालं, आणि ते त्यांनी वेल्शमध्ये विचारलं. आम्ही दोघं पास झालो. नऊपैकी सहा जण बसले होते, सहाही झाले.

सुरुवातीच्यांना माझं सांगणं एवढंच, की निकालानंतर लगेच आइस्तेदवोदला जा. वेल्श भाषेचा हा वार्षिक उत्सव दर वर्षी वेगळ्या गावी भरतो, आपल्या साहित्य संमेलनासारखा, पण आठवडाभर, आणि कवितेइतकंच गाण्यालाही महत्त्व. सगळा कारभार वेल्शमध्ये. २०२४ चा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पॉन्तप्रीदला होता, कार्डिफहून रेल्वेनं अर्ध्या तासावर, गावातल्या मोठ्या बागेत. वेल्सच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिणारे वडील आणि चाल बांधणारा मुलगा, इव्हान आणि जेम्स जेम्स, दोघेही याच गावचे. १८५६ सालची रचना ती. त्यांचं स्मारक या बागेतच आहे, आम्ही तिघं आधी तिथे जाऊन उभे राहिलो. शिकणाऱ्यांसाठी 'माइस दी' नावाचा वेगळा तंबू असतो, तिथे अडखळायची लाज वाटत नाही.

पण चहा घ्यायला आम्ही त्या तंबूबाहेर गेलो. तिथल्या पंचाहत्तरीच्या बाईंना आम्ही शिकणारे आहोत हे माहीत नव्हतं. त्यांनी वेल्शमध्ये विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, राहते 'अङ् ङाइर्दीद', मूळची 'ओ बुणे'. 'ओ' म्हणजे 'हून', त्याच्यापुढे प चा ब होतो. परगावच्या नावाला हा नियम लावायलाच पाहिजे असं नाही, पण मला माझ्या गावासाठी तो लावायचा होता.

त्यांनी कप पुढे केला आणि सहज विचारलं, "ब्ले माइ पुणे?" पुणे कुठे आलं?

मुलीनं वेल्शमध्येच सांगितलं, भारतात, मुंबईजवळ. मग माझी बाही ओढून हळूच म्हणाली, "आई, तू तर बुणे म्हणालीस. त्यांना पुणे आहे हे कसं कळलं?"

मराठीत विचारलं तिनं. परतीच्या गाडीत खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. मी तिच्यावर बोटानं पहिली ओळ लिहिली, क ख ग घ ङ, खाली त ची, त्याच्या खाली प ची, आणि प पासून ब पर्यंत एक बाण काढला. कार्डिफ येईपर्यंत ती इतर बाण काढत होती.